सगळे तयार, रुग्ण मात्र उपाशी

एका गावात एक रुग्णालय होते आणि त्या रुग्णालयात एकच शस्त्रक्रियागृह होते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर रेगे हाताचे इतके कुशल होते, की त्यांनी घातलेला टाका पुढे शोधूनही सापडत नसे. भूल देणारे डॉक्टर कुलथे बोलण्याचे इतके गोड होते, की रुग्णाला सुई टोचल्याचे नंतर आठवत नसे. आणि प्रमुख परिचारिका सगुणाबाई हर्डीकर यांच्याविषयी गावात असे म्हणत, की त्यांच्या दारातून माशीलासुद्धा हात धुतल्यावाचून आत जाता येत नाही.

इतकी गुणी माणसे एका छपराखाली असूनही तेथे एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती. रोज पाच शस्त्रक्रिया ठरत आणि तीनच होत. डॉक्टर कुलथे दुपारी दोनच्या बसने दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जात. म्हणून एक वाजल्यानंतर नव्या रुग्णाला भूल द्यायची नाही, असा नियम होता. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या उरलेल्या दोघांना एकच्या ठोक्याला सांगण्यात येई, “पुढची तारीख घ्या.” अशाने यादी लांबत गेली. ज्याचे दुखणे आषाढात सुरू होई, त्याला तारीख मिळे कार्तिकातली.

याचे कारण काय, यावर सर्वांचे एकमत होते. एक शस्त्रक्रियागृह पुरत नाही. दुसरे बांधले पाहिजे. रुग्णालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब निगुडकर यांनी तर कोनशिलाही कोरून आणली होती. कोनशिला आली होती. इमारत यायला तीन वर्षे लागणार होती.

सगुणाबाईंना या विलंबाचा राग येई, पण त्याचा दोष आपल्याकडे असेल असे त्यांच्या मनातही येत नसे. एकतीस वर्षांत त्यांनी कधी आठाचे सव्वाआठ होऊ दिले नव्हते. सकाळी आठच्या ठोक्याला त्या दारात उभ्या राहत आणि कोणाकडेही न पाहता म्हणत, “माझे थिएटर तयार आहे.” त्यापुढे उशीर झाला, तर तो इतरांचा.

एका सोमवारी एक वाजता दोन रुग्ण परत पाठवण्यात आले. त्यांपैकी एक यल्लाप्पा सणगर. तो घोंगड्या विणणारा. त्याला अंतर्गळ झाला होता. मागावर पाय दाबला की जांघेतून गोळा बाहेर येई. त्याची ही तिसरी खेप होती. कपडे बदलून तो दाराशी आला आणि सगुणाबाईंना म्हणाला, “बाई, संकष्टीला निदान चंद्र तरी उगवतो. आमचा उपास ‘पुढची तारीख घ्या’ म्हटल्याबिगर सुटत न्हाई.”

तो हसत म्हणाला होता, पण सगुणाबाईंना ते लागले. त्यांनी डॉक्टर रेग्यांना त्याला पुन्हा तपासायला लावले. तपासून डॉक्टर बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“सिस्टर, पूर्वी गोळा सहज आत जात होता. आज फार कष्टाने गेला. आठ-दहा दिवसांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर आतडे अडकेल. त्याच्या वाडीला दिवसातून एकच बस. अडकल्यावर तो येथवर पोहोचेल, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.”

“शुक्रवारखेरीज दहा दिवसांत कोठेही जागा नाही. मग शुक्रवारी पहिला घ्या.”

“शुक्रवारी पहिली दोन लहान मुले आहेत, तिसऱ्या बाईंना मधुमेह आहे. त्यांना उपाशी किती ठेवणार? चौथ्याचे दुखणे याच्यापेक्षा कमी नाही. यल्लाप्पा पाचवा.”

पाचवा म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. वर्षभरात पाचव्याचा क्रमांक लागला होता तो दोनदा.

सगुणाबाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवले, की हा उशीर कोण करतो ते एकदा कागदावर आणायचे. मंगळवारी त्यांनी आतले काम आपल्या सहायक परिचारिका एस्तेर भालेराव यांच्यावर सोपवले आणि स्वतः घड्याळ, कागद व पेन्सिल घेऊन शस्त्रक्रियागृहाबाहेर स्टुलावर बसल्या. एस्तेर बारा वर्षे त्यांच्या हाताखाली होत्या. फक्त शस्त्रांच्या कपाटाची किल्ली सगुणाबाईंनी स्वतःच्या कमरेलाच ठेवली. कपाट उघडायचे झाले की त्या उठून आत जात.

आठ वाजले. सगुणाबाईंनी वॉर्डात निरोप धाडला. उत्तर आले, “पेशंट तयार आहे.” त्यांनी स्ट्रेचरवाल्या लोंढ्यांना विचारले. “तयार आहे, बाई.” डॉक्टर कुलथ्यांच्या खोलीत विचारले. “मी केव्हाचा तयार आहे.” डॉक्टर रेग्यांच्या खोलीत विचारले. “तयार. बोलवा, की आलोच.”

सगळे तयार होते, आणि पहिला छेद घेतला गेला नऊ वाजून दहा मिनिटांनी.

सगुणाबाई चक्रावल्या. त्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या वेळी प्रत्येकाचे ‘तयार’ प्रत्यक्ष जाऊन पाहिले. वॉर्डातला तयार रुग्ण आंघोळ करून, कपडे बदलून पांघरूण घेऊन खाटेवर पडला होता. लोंढ्यांचे तयार स्ट्रेचर जिन्याखाली भिंतीला टेकून उभे होते. तयार असलेले डॉक्टर कुलथे बशीत चहा ओतत होते, कारण त्यांना कोणी बोलावले नव्हते. तयार असलेले डॉक्टर रेगे बाहेरचे रुग्ण तपासत होते, कारण त्यांनाही कोणी बोलावले नव्हते. कोणी आळशी नव्हते आणि कोणी खोटे बोलत नव्हते. प्रत्येक जण आपापल्या जागी तयार होता. टेबल तेवढे रिकामे होते.

दुपारपर्यंत कागद भरला. एस्तेर हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी तो वाचला. मग हलकेच म्हणाल्या, “बाई, एक नाव राहिले.”

“कोणाचे?”

“कपाटाचे.”

अकरा वर्षांपूर्वी एक वाकडी कात्री हरवली होती आणि ठपका त्यांच्यावर आला होता. कात्री चार दिवसांनी धोब्याच्या गाठोड्यात सापडली. पण त्या दिवसापासून प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर शस्त्रे मोजून, धुऊन, उकळून, कपाटात ठेवून, कुलूप लावून, सही करून, मगच पुढच्या रुग्णासाठी तेच कुलूप उघडायचे, असा त्यांनी नेम केला होता. हे सर्व स्वतःच्या हाताने. आज त्या स्टुलावरून उठून आत गेल्या तेव्हाही त्यांनी हेच केले होते, आणि तो वेळ लिहायचा त्यांना सुचलाच नव्हता. त्यांनी मनात हिशेब केला. दोन शस्त्रक्रियांमध्ये चाळीस मिनिटे जात होती. त्यांतली अठरा त्यांची स्वतःची होती. इतकी मिनिटे कागदावर दुसऱ्या कोणाचीही नव्हती.

बुधवारी दुपारी तात्यासाहेबांनी सर्वांना बोलावले. “हं, सगुणाबाई, उशीर कोणामुळे होतो तेवढे सांगा. नावे घ्या, संकोच नको.”

सगुणाबाईंना कागदाची ती वरची ओळ झाकून ठेवता आली असती. ती त्यांनी त्या सकाळीच लिहिली होती, आणि ती अजून एस्तेरशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचले, “पहिले नाव माझे. अठरा मिनिटे, दर रुग्णामागे.”

त्यांच्या तोंडून आपले नाव ऐकायला लागेल म्हणून उत्तरे ठरवून आलेल्या सर्वांची उत्तरे तोंडातच राहिली.

डॉक्टर कुलथे म्हणाले, “मी आठपासून तयार असतो, हे मात्र लिहिले असेल.”

“लिहिले आहे. आपल्या खोलीत, चहासह.”

“मला कोणी बोलावले तर येणार ना. रेगे आल्याचे कळल्याशिवाय मी भूल कोणाला देऊ?”

“आणि रुग्ण आत घेतल्याचे कळल्याशिवाय मी येऊन काय करू?” डॉक्टर रेगे म्हणाले.

लोंढे दाराशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब आल्याबिगर पेशंट आत कसा न्यायचा? साहेबांच्या आधी पेशंट जाऊन झोपला, तर ते बरं दिसंल का?”

तात्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले. “म्हणजे डॉक्टर रुग्णासाठी खोळंबतात, आणि रुग्णाला डॉक्टरांचा मान राखायला वॉर्डात ठेवलेले असते.”

“उद्यापासून,” सगुणाबाई म्हणाल्या, “या इमारतीत ‘तयार’ हा शब्द कोणी उच्चारायचा नाही.”

“मग म्हणायचे काय?”

“जे झाले असेल ते. ‘रुग्ण दाराशी आणला’ म्हणा. ‘शस्त्रे मांडली’ म्हणा. ‘हात धुतले’ म्हणा. काही झाले नसेल, तर काही म्हणू नका. कोणी कोणाच्या बोलावण्याची वाट पाहायची नाही. आठ वाजता प्रत्येकाने टेबलापाशी असायचे. शस्त्रांचे दोन संच करू. एक वापरात असताना एस्तेर दुसरा मांडतील. मोजणे सुटणार नाही. मोजण्यासाठी सर्वांना थांबवणे सुटेल.”

डॉक्टर रेग्यांना गंमत वाटली. “आणि जीभ घसरली तर?”

“ज्याची घसरेल, त्याने पुढचा रुग्ण स्वतः ढकलत आणायचा.”

गुरुवारी पहिली शस्त्रक्रिया सव्वाआठला सुरू झाली. ती आटोपल्यावर डॉक्टर रेग्यांनी हात धुऊन, दारातून डोके बाहेर काढून नेहमीच्या सवयीने म्हटले, “सिस्टर, मी तयार आहे.”

सगळे जागच्या जागी थांबले. लोंढ्यांनी गंभीरपणे स्ट्रेचरची कड डॉक्टरांकडे फिरवली. “साहेब, या बाजूनं धरा. डावं चाक ओढतंय.”

स्ट्रेचरवरच्या आजीबाई ओशाळल्या. “अहो डॉक्टर, तुम्ही कशाला? माणसं नाहीत का?”

“माणसे आहेत, आजी. मला शिक्षा झाली आहे.”

शस्त्रक्रियागृहाच्या दारात स्ट्रेचर धाडकन थांबले. तेथे चार बोटे उंचीचा दगडी उंबरठा होता. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून तो कोणी पूर्वी बसवला होता.

“आता?” डॉक्टरांनी विचारले.

“आता थांबायचं. दुसरा माणूस येईस्तवर. दोघांनी उचलल्याबिगर वलांडत न्हाई.”

“रोज?”

“दर पेशंटला दोनदा. येताना अन् जाताना.”

“हे मला कधी कोणी सांगितले नाही.”

“तुम्ही कधी विचारलं न्हाई, साहेब.”

डॉक्टर रेग्यांनी पुन्हा हात धुतले, आजीबाईंची शस्त्रक्रिया केली, आणि दुपारी गवंड्याला बोलावले. संध्याकाळपर्यंत उंबरठा फुटला. तो फुटत असताना सगुणाबाई आतल्या बाजूने ओल्या चादरी धरून उभ्या होत्या, आणि नंतर त्यांनी भिंती तीनदा पुसून घेतल्या. त्या दिवशी चार शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात त्याचा आनंद झाला. पण सगुणाबाईंना झाला नाही. उद्या चार पुरणार नव्हत्या.

शिवाय एक गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. दोन संच झाले होते, पण किल्ली अजून त्यांच्याच कमरेला होती. दर वेळी त्या हातमोजे उतरवत, कपाट उघडत, संच एस्तेरच्या हाती देत आणि पुन्हा कुलूप लावत. “किल्ली माझ्याजवळच बरी,” त्या म्हणाल्या होत्या, आणि एस्तेर यांनी मान हलवली होती.

शुक्रवार उजाडला. आठ वाजता पहिले मूल टेबलावर होते, आठ वाजून दहा मिनिटांनी छेद घेतला गेला. दुसरे मूल नऊला आत आले. मधुमेहाच्या बाई दहाला. कोणी कोणाला बोलावले नाही, कोणी कोणासाठी थांबले नाही. स्ट्रेचर उंबरठ्याच्या जागेवरून सरळ आत येत होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी चौथा रुग्ण घेतला, तेव्हा डॉक्टर कुलथ्यांनी घड्याळाकडे पाहून भुवया उंचावल्या. असा दिवस त्यांनी या गावात पाहिला नव्हता.

पण चौथ्याचे पोट उघडल्यावर आत अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. साडेअकरा झाले, बारा झाले, सव्वाबारा झाले. डॉक्टर रेगे घाई करीत नव्हते, आणि त्यांनी ती करू नये, हे सगुणाबाईंना मान्य होते. त्या टेबलापाशी हातमोजे घालून शस्त्रे देत होत्या. बाहेर दाराशी यल्लाप्पा स्ट्रेचरवर पडून छताकडे पाहत होता.

बारा पस्तीसला शेवटचे टाके सुरू झाले. एस्तेर बंद कपाटापाशी उभ्या होत्या. सगुणाबाईंनी मनात मोजले. टाके संपणार, मग शस्त्रांची मोजदाद, मग हातमोजे उतरवायचे, मग कपाट, मग संच मांडायचा. यात एक वाजून जाणार. अकरा वर्षे जपलेली किल्ली त्यांच्या गाउनखाली कमरेला टोचत होती.

“एस्तेर,” त्या हातातले काम न थांबवता म्हणाल्या, “मागून गाउनच्या फटीत हात घाला आणि माझ्या कमरेची किल्ली काढून घ्या.”

एस्तेर घुटमळल्या. “तुमचे हात मोकळे होईपर्यंत थांबते, बाई. तुमची किल्ली मी कशी—”

“काढा. आणि काम झाल्यावर परत देऊ नका. ती आजपासून तुमच्याकडे.”

डॉक्टर रेग्यांनी मान वर केली नाही. पण त्यांचा हात क्षणभर थांबला. कपाटाचे कुलूप उघडल्याचा आवाज आला. एस्तेर हात धुऊन शस्त्रे मांडू लागल्या. बारा शेहेचाळीसला शेवटची गाठ बसली. सगुणाबाईंनी शस्त्रे मोजली, एकही कमी नव्हते. चौथा रुग्ण बाहेर गेला, टेबल पुसले, फरशी पुसली.

“शस्त्रे मांडली,” एस्तेर म्हणाल्या.

“पेशंट टेबलावर घेतला,” लोंढे म्हणाले.

“हात धुतले,” डॉक्टर रेगे म्हणाले.

बारा वाजून छपन्न मिनिटांनी डॉक्टर कुलथ्यांनी यल्लाप्पाच्या कमरेत सुई टोचली. “भूल दिली,” ते म्हणाले, आणि सगुणाबाईंकडे पाहून हसले.

यल्लाप्पाचे पाय बधिर झाले, पण तो जागाच होता. त्याने सगुणाबाईंना विचारले, “बाई, खरंच करत्यात का?”

“खरेच करत आहेत.”

“मग आता पुढची तारीख देनार न्हाई?”

“देणार. टाके काढायची.”

डॉक्टर रेग्यांनी आत पाहिले. आतड्याचा एक वेढा गोळ्याच्या तोंडाशी चिकटू लागला होता. “आणखी चार दिवस गेले असते, तर,” ते म्हणाले आणि वाक्य तेथेच सोडून त्यांनी वेढा सोडवला. पावणेदोनला शस्त्रक्रिया संपली. डॉक्टर कुलथे त्या दिवशी बसच्या मागे धावत गेले आणि बस त्यांना मिळाली.

दहाव्या दिवशी यल्लाप्पाचे टाके निघाले. मग पाच शस्त्रक्रिया हा रोजचा नेम झाला. एखाद्या दिवशी सहाही होत. चार महिन्यांची यादी तीन महिन्यांवर आली, मग दीडवर. तात्यासाहेब एकदा स्वतः येऊन सकाळभर बाहेरच्या स्टुलावर बसून गेले. जाताना फुटलेल्या उंबरठ्याची खडबडीत जागा त्यांच्या पायाला लागली. “येथे एक गुळगुळीत दगड हवा,” ते म्हणाले, “आणि माझ्याकडे एक पडून आहे.” दुसऱ्याच आठवड्यात ती कोनशिला, अक्षरे खाली करून, त्या जागी बसवण्यात आली. दुसरे शस्त्रक्रियागृह बांधण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

फाल्गुनात एका सकाळी लोंढे रिकामे स्ट्रेचर घेऊन वॉर्डातून परत आले. “बाई, आज चारच. पाचवा न्हाई.”

“पळून गेला की काय?” डॉक्टर कुलथ्यांनी विचारले.

“यादीतच न्हाई, साहेब. यादी संपली.”

सगुणाबाईंनी नोंदवही मागवली, कारण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. चौथ्या नावाखाली पान कोरे होते. त्या वही घेऊन बाहेर गेल्या. तपासणीच्या रांगेत एक कासारीण पोटाला हात धरून बसली होती. तिला पित्ताशयात खडा असल्याचे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते, आणि ती शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला थांबली होती.

“उद्या या,” सगुणाबाई म्हणाल्या.

बाईने अविश्वासाने पाहिले. “तुमच्यातलं उद्या म्हंजे किती म्हैन्यांनी, बाई?”

“उद्या म्हणजे उद्या. रात्रीपासून काही खाऊ नका. सकाळी आठ वाजता तुम्ही टेबलावर असाल.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती टेबलावर होती.

तात्पर्य: आपण आपल्या जागी तयार असणे म्हणजे काम होणे नव्हे, ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्यापर्यंत ते पोहोचले, तरच ते झाले, आणि उशीर कोणाचा हे शोधू पाहणाऱ्याने आपली मिनिटे सर्वांत आधी मोजावीत.